फाट्यावरचं नवं हॉटेल

झाल्या का भाकरी? ज्यांच्या व्हायच्यात त्यांनी परात रेडिओजवळ ओढून घ्या. हात कामात राहू द्या, कान तेवढे माझ्याकडे द्या.

आमच्या गावाच्या फाट्यावर चार महिन्यांपासून एक बांधकाम चाललंय. सगळीकडून निळे पत्रे लावलेत, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून गावाला दुसरा विषय नाही. मागच्या महिन्यात क्रेननं तांब्याच्या रंगाची दोन मोठाली भांडी उतरवली. तेव्हा शाळेतली पोरं मधली सुट्टी संपली तरी पत्र्याला डोळे लावून उभी होती. बाहेर फलक लागलाय. त्यावर हॉटेलचं नाव आहे, फेसाळलेल्या पेल्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, ‘लवकरच’.

या ‘लवकरच’नं गावाला नुसतं वेड लावलंय. पोरं म्हणतात, नोकऱ्या येणार. फाट्याजवळ ज्यांची जमीन आहे ते म्हणतात, गुंठ्याचा भाव वाढणार. भाजीवाले म्हणतात, कोथिंबीर, काकडी आता मार्केट यार्डात न्यायला नको. आणि खोटं कशाला बोलू, आमच्या बचत गटातही याच गप्पा. तिथल्या माणसानं आम्हाला विचारलं होतं, शनिवार-रविवार ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी पुरवाल का? त्या रात्री मी अंथरुणावर पडल्या पडल्या दोनशे भाकरींचा हिशेब करत होते. पीठ किती, सरपण किती, हातात काय उरेल. झोप लागेपर्यंत माझ्या हिशेबात गटाचं कर्ज फिटलंसुद्धा.

तर हे हॉटेल कसलं? नेहमीचा बिअर बार नाही. बिअर इथंच बनवायची आणि इथंच टेबलावर विकायची, असा हा प्रकार आहे. मायक्रोब्रुअरी म्हणतात त्याला. पुण्यात 2009 सालापासून अशी हॉटेलं निघालीत. आता ती शहर ओलांडून धरणाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याला येऊ लागलीत, कारण शनिवार-रविवारी शहर आपल्याकडे येतं. आमच्या फाट्यावरून सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या गटातल्या चौघी जणी एका दुपारी तिथं गेलो. वही घेऊन गेलो, मुद्दाम. वही हातात असली की समोरचा माणूस सावरून बोलतो. तिथल्या देखरेखीच्या माणसानं चांगली वागणूक दिली, चहा पाजला, आत नेऊन सगळं दाखवलं. पोत्यातले दाणे हातावर घेऊन म्हणाला, हे सातू. भिजवून, मोड आणून, वाळवून येतात. मग हे भरडायचे, गरम पाण्यात तासभर मुरत ठेवायचे. पाणी उकळतं नको, हात पोळेल इतपत गरम. दाण्यातल्या पिठाची साखर होते आणि गोड पाणी सुटतं. ते गाळून घ्यायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट घालून आंबवत ठेवायचं. कुठली बिअर दोन-तीन आठवड्यांत होते, कुठलीला आणखी वेळ लागतो.

आमच्यातली थोरली आक्का सगळं ऐकून म्हणाली, “अरे, हे तर नाचणीचं सत्त्व! आम्ही पोरांना देतो. तुम्ही ते नासवता एवढंच.”

तो माणूस हसला. पण आक्काचं काही चूक नव्हतं. भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, भरडणं ही कामं बायकांच्या हातची आहेत. जुन्या काळी कितीतरी देशांत घरची बिअर बायकाच करायच्या. आपल्याकडे झारखंड, ओडिशात तांदळाची हंडिया आजही बायका करतात आणि बाजारात विकतात. मोहाचं तर आदिवासी भागात देवाला चढवतात. म्हणून मी इथं पिणाऱ्याला पापी ठरवायला बसलेली नाही. जी बाई तसं भाषण देते तिचं कुणी ऐकत नाही, हेही मी पाहिलंय.

तिथं आम्हाला सगळ्यात भावली ती एक टोपली. गोड पाणी गाळून घेतल्यावर जो चोथा उरतो, तो होता तिच्यात. दुसऱ्या हॉटेलातून नमुन्याला आणलेला. गाई-म्हशी हा चोथा आवडीनं खातात. सुका धरला तर त्यात शंभरात वीस-पंचवीस भाग प्रथिनं असतात. सरकी पेंडीचा भाव ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल. आमच्यातल्या दोघींच्या गोठ्यात चार-चार गाई. त्यांचे डोळेच चमकले. “रोज उचलणार असाल तर फुकट न्या,” तो म्हणाला.

मग मी वही उघडली. एका वेळी बिअर किती करणार? पाचशे लिटर. शंभर लिटरला ओला चोथा निघतो साधारण वीस किलो. म्हणजे एका खेपेला शंभर किलो. आठवड्यातून दोन खेपा धरल्या तर दोनशे किलो. ऐकायला ढीगभर वाटतं, पण त्यातलं तीन भागांहून जास्त पाणीच असतं. शिवाय उन्हाळ्यात हा चोथा दोन-तीन दिवसांत आंबतो, बुरशी धरतो, आणि बुरशी आलेला चोथा गाईला घातला तर दूध वाढायचं राहिलं, गायच आजारी पडायची. ताजा असतानाच घालायचा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलोच, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवायचा, आणि बाकीचा चारा बंद करायचा नाही. हे सगळं सांभाळून किती गाईंचं भागेल? दहा-बारा गाईंचं आठवड्यातले काही दिवस. आमच्या गावात दुभती जनावरं तीनशेच्या वर. चोथ्याची वाट मात्र अख्खा गाव बघतोय!

नोकऱ्यांचंही असंच निघालं. माणसं किती घेणार, विचारलं. वीस. त्यात बिअर बनवणारा शिकलेला, तो बाहेरचा. आचारी बाहेरचे. टेबलावर वाढणारे, इंग्रजी बोलणारे हवेत म्हणे, तेही बाहेरचे. गावाला काय? पार्किंगला दोन पोरं, रात्रीचा राखणदार, भांडी आणि संडास साफ करायला बायका. काम कुठलंच हलकं नसतं, ते मला मान्य आहे. पण पारावर बसून पोरं ज्या नोकऱ्यांची वाट बघतायत त्या या नव्हेत.

आणि पाणी. बायांनो, इथं माझं पेन थांबलं. एक लिटर बिअर करायला एक लिटर पाणी पुरत नाही. भांडी धुणं, टाक्या धुणं, थंड करणं असं सगळं धरून मोठ्या कारखान्यातसुद्धा तीन-चार लिटर लागतं, लहान ठिकाणी त्याहून बरंच जास्त. सहा लिटर धरले तर पाचशे लिटरच्या एका खेपेला तीन हजार लिटर. वर स्वयंपाकघर, संडास, हिरवळ. पाणी कुठून आणणार, असं विचारलं तर म्हणाला, “बोअर घेतलीय ना.” किती फूट? ते त्याला सांगता आलं नाही. आमची सार्वजनिक विहीर त्या पत्र्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. एप्रिलमध्ये ती तळ दाखवते आणि आम्ही पहाटे चारला नंबर लावतो.

येताना वाटेत एक सूनबाई म्हणाली, “पण मावशी, बिअर म्हणजे काय दारू नव्हे. हलकी असते.” हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. घरातला कर्ता पुरुष म्हणतो, पोरगा म्हणतो. म्हणून हिशेब करून सांगते. साध्या बिअरमध्ये शंभरात पाच भाग अल्कोहोल असतं. देशी दारूत शंभरात जवळजवळ त्रेचाळीस. म्हणजे देशी कडक, हे खरं. पण बिअर कुणी साठ मिलि पीत नाही. अर्ध्या लिटरचा एक मग घेतला की पोटात अल्कोहोल जातं पंचवीस मिलि. देशीच्या साठ मिलिमध्येही तेवढंच, पंचवीसच्या किंचित वर. दोन मग म्हणजे देशीचे दोन पेग. हलकी आहे ती चवीला. म्हणूनच आपल्या राज्यात सौम्य बिअरलासुद्धा वयाची 21 वर्षांची अट आहे, कडक दारूला 25 ची. आणि गाडी चालवणाऱ्याच्या शंभर मिलि रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर तो गुन्हा होतो, मग त्यानं देशी प्यायलेली असो की बिअर.

दुसरं ऐकू येणारं वाक्य असं की हे शहरातल्या लोकांसाठी आहे, आपली माणसं एवढे पैसे मोजून तिथं थोडीच जाणार. नसतील जात. पण एकदा फाट्यावर रात्री गर्दी जमू लागली की अंड्याची गाडी येते, टपरी येते, टपरीच्या मागं देशीचा खोका येतो. शेजारच्या दोन फाट्यांवर आम्ही हेच बघितलंय. महाग पेल्याच्या सावलीत स्वस्त पेला उभा राहतो.

त्या दिवशी संध्याकाळी गटाची बैठक झाली आणि ती चांगली झाली नाही. दुधाचा धंदा करणाऱ्या दोघी म्हणाल्या, आमच्या ताटात येणारं तुम्ही काढताय. एक म्हणाली, तुला रेडिओवर बोलायला मिळतं म्हणून तू पुढारी झालीस. मला लागलं ते. पण तिचा हप्ता दोन महिने थकलाय आणि भाकरीच्या पैशात तो फिटणार होता. माझ्या हिशेबानं तिचा हप्ता फिटत नाही. मी काय बोलणार?

एक जण कोपऱ्यात गप्प बसली होती. तिचा मालक दारूपायी गेला, सात वर्षं झाली. तिचा पोरगा एकोणीस वर्षांचा आहे आणि पार्किंगच्या कामासाठी त्याचं नाव लिहून घेतलंय. ती शेवटी बोलली. “मला त्याची नोकरी नको असं मी म्हणत नाही. पगार आला तर घराला हवाच आहे. फक्त रात्री ते सुटल्यावर, पिऊन निघालेल्या गाड्यांच्या मधून माझा पोरगा सायकलवर कसा येणार ते मला कुणी सांगा. आणि महिना झाल्यावर पगारातलं किती तिथंच ठेवून येणार, तेही सांगा.”

कुणी काही सांगितलं नाही. बैठक तिथंच मोडली. पुढच्या बैठकीला तिघी आल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. बांधकाम हॉटेलचं म्हणून झालंय. दारूच्या परवान्यासाठी गावाची ना-हरकत मागणारा अर्ज ग्रामपंचायतीत पडलाय आणि तो 1 मेच्या ग्रामसभेपुढं येणार आहे. त्याआधी महिलांची सभा होते. हे कुणाचे उपकार नाहीत. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच, असं ग्रामपंचायतीच्या कायद्यात लिहिलंय. आमच्याकडे ती 30 एप्रिलला आहे.

बऱ्याच जणींचं म्हणणं असं की आधी उघडू तर द्या. त्रास झाला तर बघू, आडवी बाटली करून बंद पाडू. आडवी बाटली तुम्हाला माहीत आहेच. दुकान चालू ठेवायचं तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं तर आडव्या. 2008 च्या आदेशानुसार महाराष्ट्रात असं मतदान घेता येतं आणि कितीतरी गावांतल्या बायकांनी त्या जोरावर दुकानं बंद केलीत. मला त्यांचा अभिमान आहे. पण त्यांना काय करावं लागलं ते नीट ऐका.

आमच्या गावात बाया मतदार 1,240. आधी त्यातल्या पंचवीस टक्के जणींच्या सह्या हव्यात, म्हणजे 310. त्या सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. आणि त्यात आडव्या बाटलीला मतं हवीत एकूण बाया मतदारांच्या निम्म्याहून जास्त. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. म्हणजे 621. आता यादी काढून बघा. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकींची नावं अजून तीत आहेत. कामाला मुंबईला, पुण्याला गेलेल्या आहेत. ऊसतोडीला गेलेल्या आहेत. अंथरुणावर खिळलेल्या म्हाताऱ्या आहेत. यातली जी आली नाही तिचं मत उभ्या बाटलीच्याच कामी येतं, तिला वाटो न वाटो. मी आणि आक्कानं यादीवर खुणा केल्या. त्या दिवशी गावात हजर असू शकतील अशा भरल्या जेमतेम नऊशे. त्यातल्या 621 एका बाजूला आणायच्या, तेही घरोघर दमदाटी आणि पाकिटं फिरत असताना.

आणि उद्घाटनाच्या आधी? ग्रामसभेचा कोरम शंभर माणसांचा. पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. आमच्या महिला सभेला गेल्या वेळी सव्वीस जणी होत्या, त्यातल्या नऊ पंचायतीत काम करणाऱ्या आणि अंगणवाडीच्या. दीडशे बाया जरी दोन्ही दिवस येऊन बसल्या तरी सभेचा रंग बदलतो. आज जे दीडशे जणींत होतं त्याला उद्या 621 लागतात.

आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी 1992 साली हेच ओळखलं. त्या साक्षरतेच्या वर्गाला जायच्या. वाचनाच्या पुस्तकात दारूवरचा धडा होता, तो वाचून त्या आपसात बोलू लागल्या. गावातली ताडीची-अरकची विक्री त्यांनी थांबवली. पण त्यांचं लोण पसरल्यावर बायकांनी जोर लावला तो दुकानांच्या लिलावावर. दुकान उघडायच्या आधी त्याचा लिलाव होतो, तो लिलावच होऊ द्यायचा नाही. जिल्ह्यातले लिलाव पुन्हापुन्हा पुढं ढकलावे लागले. पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरपासून सरकारनं राज्यात अरक बंद केली. नंतर संपूर्ण दारूबंदी आली आणि 1997 मध्ये ती सैलही झाली, तो भाग वेगळा. बंदी आली म्हणजे सगळं मिटलं असं होत नाही, ते आपण चंद्रपूरलाही बघितलं. 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली.

मी गावात बंदीच आणा म्हणत नाहीये. मी म्हणते, जोवर त्यांना आपली सही हवी आहे तोवर ते आपल्याशी नीट बोलतील. चहासुद्धा पाजतील. सही झाली की फाटकावरचा राखणदार आपल्याला ओळखणार नाही, आणि तो आपल्याच भावकीतला असेल!

म्हणून 30 तारखेला आम्ही काही गोष्टी लेखी मागणार आहोत. बोअर किती खोल, रोज पाणी किती उपसणार आणि सार्वजनिक विहीर आटली तर उपसा थांबवणार का. सांडपाणी कुठं सोडणार, कारण उतार ओढ्याकडे आहे आणि ओढ्यावर आमची जनावरं पाणी पितात. शाळेपासूनचं अंतर टेप लावून मोजायचं, कागदावरचं धरायचं नाही. रात्री किती वाजता बंद करणार आणि गावातल्या कामगारांना घरी सोडायला गाडी देणार का. हा शेवटचा प्रश्न कोपऱ्यातल्या त्या बाईचा आहे आणि तो तिनंच विचारायचा असं ठरलंय. ग्रामसेवकांना मी विचारलं, एवढं सगळं लिहून घ्याल का? ते म्हणाले, सभेचं म्हणणं नोंदवावंच लागतं. परवाना देणारे वर बसलेत, पण गावानं काय म्हटलं ते कागदावर राहतं.

मी स्वतः काय करणार, ते तुम्ही विचारालच. आहे त्या माहितीवर माझा हात ना-हरकतीसाठी वर जाणार नाही. पाण्याचं उत्तर आलं तर मी पुन्हा विचार करेन. दूधवाल्या दोघी हात वर करणार आहेत. करू देत. त्यांनी सभेला यावं म्हणून मी काल त्यांच्या घरी जाऊन आले. एकीनं दार उघडलं, पाणी दिलं. दुसरी गोठ्यातून बाहेर आली नाही. उद्या परत जाईन.

एवढंच लक्षात ठेवा. सध्या एक माणूस घरोघर रजिस्टर घेऊन फिरतोय आणि सभेची हजेरी म्हणून सह्या घेतोय. सभा व्हायच्या आत हजेरी कसली? कोऱ्या पानावर सही करू नका, अंगठा देऊ नका. सासूबाईंनाही सांगून ठेवा, कारण तो दुपारी येतो, आपण रानात असतो तेव्हा.

30 एप्रिल, सकाळी दहा वाजता, शाळेच्या पटांगणात. मांडव नाही, तेव्हा डोक्यावर पदर आणि बरोबर पाण्याची बाटली असू द्या. लहान पोरं घेऊन आलात तरी चालेल, अंगणवाडीच्या ताई बघणार आहेत. यादीतलं आपलं नाव आणि क्रमांक आक्काकडे मिळेल. ती रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसलेली असते.